आपला म्हणजे कुणाचा?

छापखान्यात त्यांना कुणी नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. मालकांपासून बाइंडरपर्यंत सगळे कानामात्राबाई म्हणत, आणि बाईही त्या हाकेला बिनतक्रार ओ देत. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलेलं. त्यामुळे दुकानाची पाटी असो, औषधाच्या बाटलीवरचा कागद असो की बसचं तिकीट, समोर आलं की वाचायचं आणि हात आपोआप पर्समधल्या लाल पेन्सिलीकडे जायचा. थोरली बहीण म्हणायची, "तुला यमाचं बोलावणं आलं ना, तरी आधी त्याच्या कागदावरचं शुद्धलेखन तपासशील."

ही ताई गेले सात महिने तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. बासष्ट पायऱ्या, लिफ्टचा पत्ता नाही, आणि तिच्या गुडघ्यांनी तर कधीच हात टेकले होते. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोन माणसांनी उचलायचं. त्यानं तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून तळमजल्यावरचं घर हवं होतं. हे वरचं घर विकून येतील ते पैसे, त्यात बाईंची सगळी पुंजी, आणि घर एकच. इथे चूक झाली तर दुरुस्तीला दुसरं प्रूफ मिळणार नव्हतं, हे बाई पुरतं ओळखून होत्या.

घर शोधायला त्यांनी किल्लीकाकांना गाठलं. काका तीस वर्षं या धंद्यात होते. अर्ध्या गावातल्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या जुडग्यात, आणि ते जिना चढायला लागले की दुसऱ्या मजल्यापासूनच खुळखुळ ऐकू यायची. त्या दिवशी मात्र किल्ल्यांबरोबर त्यांच्या हातात एक कागदही होता, आणि चेहरा असा की दात उपटून घ्यायला आलेत.

"नियम बदललाय बाई," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "पूर्वी कसं, घर दाखवायचं, जमलं की विकणाऱ्याकडून कमिशन घ्यायचं, विषय संपला. आता म्हणे घर दाखवायच्या आधीच घेणाऱ्याशी लेखी करार करायचा. माझं कमिशन तुम्ही द्यायचं. विकणारा माझं काही देणं लागत नाही."

"म्हणजे त्याचं ओझं आमच्या डोक्यावर?" ताई आतल्या खोलीतून ओरडली. तिचे गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

"अहो ताई, आधीही ते घेणाऱ्याच्याच खिशातून जायचं. विकणारा किमतीत चढवून ठेवायचा, एवढंच. आता उघड दिसतं म्हणून टोचतं. उद्या जे घर बघणार आहोत ना, त्या औषधवाल्यांनी तर एजंटच ठेवला नाही. स्वतःच पाटी लावली. कमिशन वाचलं म्हणून किंमतही उतरवलीय. थोडीच हं. सगळं वाचलेलं सोडायला ते काय खुळे आहेत?"

बाईंना ताईसारखा राग वगैरे आला नाही. त्यांना भलतंच कुतूहल वाटायला लागलं. पैसे कोण देतो हे बदललं, तर माणूस बदलतो का? त्यांनी कागद जवळ ओढला. रकाने काकांनी आधीच भरून आणले होते. बाईंचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. तिथे छापलं होतं, 'एजंट कोणाच्या बाजूने काम करील', आणि पुढे काकांनी ऐटीत लिहिलं होतं, 'आपल्या'.

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"आपल्या म्हणजे... आपल्याच की!"

"तुमच्या, माझ्या, की सगळ्यांच्या? काका, हा शब्द फार लबाड आहे. आदरानं म्हटलं तर 'तुमचा'. मिठी मारून म्हटलं तर 'तुमचा-आमचा'. आणि गुपचूप म्हटलं तर नुसता 'स्वतःचा'."

काका हसले, पण ते हसू ओठातच राहिलं. "बाई, याच शब्दावर तीस वर्षं पोट चाललंय माझं. अजून कुणी खोडला नव्हता."

बाईंनी खोडला. वर बारीक अक्षरात 'घेणारीच्या' असं लिहिलं आणि खोडलेल्या जागी काकांची सही घेतली. खालचं छापील वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं. घराबद्दल जे एजंटाला ठाऊक आहे, ते त्यानं आपल्या पक्षकारापासून लपवायचं नाही. काकांनी तेव्हा चष्मा काढून पुसायला घेतला. काचा स्वच्छच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं औषधवाल्यांच्या घरी पोचले. औषधवाले दुकानातून तसेच आले होते, खिशाला दोन पेनं लटकलेली. मोठ्या शहरात लेकीजवळ राहायला जायचं ठरलेलं, त्यामुळे सामान अर्धं बांधून झालं होतं. काकांना बघून त्यांचा चेहरा खुलला.

"या, या! बारा वर्षांपूर्वी हे घर मला यांनीच मिळवून दिलं बरं का," ते बाईंना म्हणाले. "आपलाच माणूस आहे."

बाईंनी मनात एक रेघ मारली. पहिला 'आपला'.

मग तर रांगच लागली. काका तोंडात साखर घोळवत पुढे, बाई मागे. "ही आपली बैठकीची खोली. उजेड बघा! हे आपलं स्वयंपाकघर, ओटा बघा किती लांब. हे आपलं अंगण, ताईंची खुर्ची इथे सकाळच्या उन्हात टाकायची." दारात एकही पायरी नव्हती. बाईंना ताई त्या उन्हात बसलेली, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी नाही नाही त्या चौकशा करणारी, अशी लख्ख दिसली आणि त्यांचा जीव त्या घरावर जडला. पर्समध्ये बयाण्याचा चेक होता. आत्ता काढावा असं वाटून गेलं. 'आपला' मोजणं चालूच होतं, आकडा चौदावर पोचला होता.

शेवटी राहिली मागची खोली. न्हाणीघर लागूनच होतं आणि रस्त्याचा आवाज अजिबात नव्हता. ताईचा पलंग इथेच टाकायचा, असं बाईंनी आल्या आल्या ठरवून टाकलं होतं. काकांनी दार ढकललं आणि म्हणाले, "मागची खोली."

बस्स, एवढंच. ना आपली, ना उजेड, ना ताईंचा पलंग. काका उंबऱ्याबाहेरच थांबून किल्ल्या चाळवत राहिले.

चुकलेला शब्द कुणालाही दिसतो. गळलेला शब्द दिसायला मात्र हाडाचा मुद्रितशोधक लागतो. बाई खोलीत शिरल्या तर पाय अपेक्षेपेक्षा खाली गेला. उंबऱ्यापासून फरशी चांगली चार बोटं खोल होती, आणि एका कोपऱ्याकडे तर आणखीच उतरलेली.

"ते माझ्या भावाचं काम," औषधवाले कडवट तोंडानं म्हणाले. "गवंडी आहे तो. पहिल्या तीन वर्षांत तीनदा फरशी घातली आणि तिन्ही वेळा बसली. कारण काय सांगतो, तर खालची जमीन बसतेय! मी म्हटलं, जमीन नाही रे, तू बसतोस बिड्या फुंकत. घरचं काम म्हणजे फुकटचं काम, असंच ना! तेव्हापासून त्यानं या घराचा उंबरा ओलांडला नाही. नऊ वर्षं झाली."

त्याच कोपऱ्यातलं अवजड कपाट हमालांनी सकाळीच हलवलं होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर, अगदी जमिनीलगत, बाईंना काहीतरी लिहिलेलं दिसलं. लिहिलेलं दिसलं की वाचायचं! बाई चक्क उकिडव्या बसल्या. गवंडी वापरतात तसल्या जाड शिसपेन्सिलीनं ओढलेल्या तीन आडव्या रेघा होत्या, एकीखाली एक. प्रत्येकीपुढे तारीख, म्हणजे त्या दिवशी फरशी कुठवर खचली होती त्याची खूण. तिसरी रेघसुद्धा आताच्या फरशीच्या दोन बोटं वर होती.

बाई उठल्या. त्यांनी पर्समधून करार काढला, उघडला आणि काकांपुढे धरला. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"काका, तिसरी ओळ वाचा."

"बाई..."

"वाचा ना."

"एजंट... घेणारीच्या बाजूने." काकांनी अडखळत वाचलं. एका बाजूला ज्यांना बारा वर्षं तोंड दाखवलं ते औषधवाले, दुसऱ्या बाजूला स्वतःची सही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते खोटं नाही. आणि काका नेमकं तेच बोलले.

"तिथे विहीर होती, बाई. त्या कोपऱ्याखाली. आधीची मालकीण म्हातारी होती, विकायच्या वर्षभर आधी तिनं ती दगडमातीनं बुजवून वर ही खोली काढली. मी त्या विहिरीचं पाणी प्यायलोय. भर नीट दाबली नव्हती, ती अजून बसतेय. यांच्या भावाच्या कामात खोट नव्हती."

औषधवाल्यांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "काका, तुम्ही माझे एजंट होतात ना?"

"तुमचाही होतो, म्हातारीचाही होतो. दोघांनाही आपला म्हणत होतो. पण कमिशन म्हातारी देणार होती, आणि व्यवहार मोडला असता तर तेही गेलं असतं." काका खाली बघत म्हणाले. "गप्प बसलो. फरशी खचली हे कळलं तेव्हाही गप्प बसलो. तुम्ही भावाला बोललात तेव्हा मी बाहेरच्या खोलीत चहा पीत होतो."

बाईंना काकांची कीवही आली आणि संतापही आला. एक शब्द बोलायला याला बारा वर्षं आणि एक सरकारी कागद लागावा! आणि तो कागद नसता, तर आज त्या चेक देऊन मोकळ्या झाल्या असत्या. ताई पहिल्याच रात्री उठली असती आणि त्या चार बोटांनी तिचा घात केला असता.

औषधवाले हळूहळू कोपऱ्याकडे गेले आणि भिंतीपाशी गुडघ्यांवर बसले. पहिल्या रेघेवर त्यांनी अंगठा फिरवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"तो म्हणाला होता, दादा, ये, तुला भिंतीवर दाखवतो. मी आलोच नाही. वर कपाट आणून लावलं इथे."

बाई म्हणाल्या, "मी आज बयाणा देत नाही. पण घर मला आवडलंय, खोटं कशाला बोलू? हा कोपरा खणून, भर नीट दाबून पक्का होईल का, खर्च किती, तो किमतीतून किती वजा करायचा, हे कळलं तर बघू. त्यासाठी चांगला गवंडी लागेल. आधी जो खरं बोलला होता, तसा."

"तो माझ्या हाकेला येणार नाही," औषधवाले म्हणाले.

"मी जातो त्याच्याकडे," काका म्हणाले. "आत्ताच जातो. सांगतो की आपली..."

बाईंनी कान टवकारले. पंधरावा!

काका अडखळले. जुडगा त्यांनी मुठीत घट्ट धरला, खुळखुळ थांबली. "सांगतो की माझी चूक झाली," ते म्हणाले आणि चपला घालायला बाहेर गेले.

औषधवाले अजून भिंतीपाशीच होते. मागे न बघता त्यांनी हात पुढे केला.

"बाई, जरा ती तुमची पेन्सिल द्या."

बाईंनी लाल पेन्सिल दिली. त्यांनी फरशी आज जिथे टेकली होती तिथे, तिसरीच्या खाली, जपून चौथी रेघ ओढली. पुढे आजची तारीख घातली. मग थोडं थांबून त्यापुढे लिहिलं, 'दादाने बघितलं'.

बाईंनी वाकून वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.