जित्या माणसाला हार

आंधळगावात फोटोवाल्या खुशालच्या हातून सुटलेला माणूस सापडणं कठीण. शाळेच्या दाखल्याला, लग्न जमवायला, आणि शेवटी भिंतीवर हार घालून टांगायला माणूस फिरून त्याच्याच निळ्या पडद्यासमोर बसायचा. बसला की खुशालचा मंत्र ठरलेला : "मान सरळ. हनुवटी खाली. हं, इकडे पाहा." त्यामुळे गावातले सगळे मेलेले एकाच वर्गातल्या पोरांसारखे दिसत, गुरुजी नुकतेच आत आल्यासारखे ताठ. लोकांना ते आवडायचं. जन्मभर वाकून धानाची रोवणी केलेला माणूस निदान भिंतीवर तरी ताठ दिसतो, एवढा नफा कोण सोडतो?

ज्यांचा फोटोच नाही, त्यांच्यावर तर खुशालची खास कारागिरी. लग्नाच्या ग्रुपमधून डोकं उचलायचं, मान सरळ करायची आणि खाली कोट नाहीतर नवी साडी चिकटवायची. पानठेला चालवणाऱ्या कवडूच्या बापाने जन्मात बनियनवर काही घातलं नव्हतं. तो आता घरी टाय लावून लटकतो, आणि कवडू येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, "बाप तहसीलदार वाटते का नाही?"

मग मागच्या दिवाळीनंतर खुशालची बायको रीता कावीळ होऊन गेली, आणि दुकानदार स्वतःच गिऱ्हाईक झाला.

फोटोवाल्याच्या घरात बायकोचा धड फोटो नव्हता. पुतण्याच्या लग्नातल्या ग्रुपमधून त्याने तिचं डोकं उचललं, मान सरळ केली, जांभळी साडी नेसवली आणि तेरवीला फोटो टांगला. पाहुणे छान म्हणाले. त्याची आई चंद्रभागाबाई मात्र चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिली.

"कोन होय ही?"

"रीता होय माय. दुसरी कोन राहीन?"

"फोटो चांगला हाये. पन रीता नोहे."

त्यावर खुशालला काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रीता गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. तो रडला नाही, तेव्हा सासुरवाडीच्या बायकांनी त्याच्या नावे जे मांडायचं ते मांडून टाकलं. तो शटर वेळेवर उघडायचा, ताटात पडेल ते जेवायचा, मीठ नसलं तरी जेवायचा. फक्त डोळे मिटून तिला आठवायला गेला की जांभळ्या साडीतली ती परकी बाई ताठ मानेने समोर यायची. नकली मालाने दुकानातून अस्सल माल बाहेर काढला होता.

वर्षश्राद्ध जवळ आलं तशी माय बोलली, "ह्या बाईले उतरव आन माह्या सुनेले लाव. नाही त मी त्या दिवशी तोंडात पानी नाही घेनार."

लावायची कुठून? मोबाइल धुंडाळून झाला होता. त्यात रीता म्हणजे कुणाच्या तरी सेल्फीच्या कडेला पदराचं टोक, नाहीतर "नका काढू" म्हणत कॅमेऱ्यापुढे धरलेला पंजा.

अशात तो फोटोचा कागद आणायला भंडाऱ्याला गेला. कागदवाला कमलेश म्हणाला, "खुशालभाऊ, बाजूच्या हॉलमधी प्रदर्शन लागून आहे. वरठीची पोरगी होय, मनाली. नागपूर-पुण्याचे लोक तिच्यापाशी शिकायले येऊन राहिले. रस्त्यावरचे फोटो काढते."

"रस्त्यावर कायले? तिले स्टुडिओ नाही का?"

तरी गेला. हॉलमध्ये पंखे होते आणि बसला वेळ होता.

पहिल्या फोटोत वरठीचं रेल्वे फाटक पडलेलं, सायकलींची हँडलं एकमेकांत अडकलेली, आणि एकाचाही चेहरा पुरा नाही. पुढच्या फोटोत नुसती सावली आणि चप्पल. आपल्या दुकानात असा फोटो निघाला असता तर गिऱ्हाईकाने तोंडावर फेकला असता, असा मनाशी हिशेब करत खुशाल पुढे सरकत होता. खांद्याला कॅमेरा लावलेली मनाली काही जणांना एका फोटोपुढे उभं करून शिकवत होती. फोटो पाहून खुशालच्या तोंडून "च्च" निघालं.

तिने ऐकलं. "काका, तुम्ही धंद्यातले दिसता. सांगा ना, ह्यात काय चुकलं?"

चुका काढायचं असं उघड आमंत्रण माणसाला जन्मात क्वचित मिळतं. खुशाल पुढे झाला.

"काय नाही चुकलं ते विचारा. मधातल्या मानसाचं तोंड उघडं. बकरीचं मागचं अंग कापलं. सायकलीचं चाक अर्धंच. हे मागं कोनाकोनाच्या पाठी. आन ही कोपऱ्यातली बाई, मान वाकडी. तिले सांगायले पाहिजे होतं ना, का बाई, मान..."

बोट तिथेच राहिलं.

बाजार आंधळगावचाच होता. मधला माणूस म्हणजे त्याच्या शेजारचा श्यामराव. त्याच्या थैलीतली मेथीची जुडी बकरीने धरली होती आणि दुसऱ्या टोकाला श्यामराव ओढत होता. कोपऱ्यात रीता होती. पदर तोंडाशी, मान डाव्या खांद्याकडे कललेली, हसून राहिलेली. ती हसली की मान अशीच कलायची. आणि तो म्हणायचा, सरळ कर. म्हणूनच ती पंजा आडवा धरायची, हे त्याला तिथे उभ्याउभ्या कळलं. बाजारभाव कळावा तसं कळलं. आत काही हललं नाही.

"काका?"

"बाकी बराबर हाये," तो म्हणाला.

लोक गेल्यावर त्याने कोपऱ्यावर अंगठा ठेवून विचारलं, "मॅडम, मले एवढा तुकडा पाहिजे. माही बायको होय. गेली ते."

मनालीने त्याचा अंगठा हळूच बाजूला केला. मग म्हणाली, "देते काका. पण तुकडा नाही, पूर्ण. आणि रविवारी वरठीला फाटकापाशी या, कॅमेरा घेऊन."

पोरगी फुकट काही देत नाही, खुशाल मनात म्हणाला. हे त्याला समजण्यासारखं होतं. तो गेला.

फाटकापाशी मनाली नुसतीच उभी. कारखान्यातून सुटलेले लोक मोटारसायकली बंद करून थांबलेले.

"आपन कायची वाट पाहून राहिलो?"

"लोकांनी आपल्याला विसरायची. तुम्ही फोटो काढायच्या आधी हाक मारता ना, काका? हाक मारली की माणूस घराचं दार लावून बाहेर येतो. मग आपल्याला दारच मिळते."

खुशालने कॅमेरा डोळ्याला लावला. "इकडे पाहा" जिभेच्या टोकावर आलं, ते त्याने गिळलं. एक कामगार पुढच्याच्या कॉलरवरचा मुंगळा झटकत होता, आणि ज्याची कॉलर त्याला पत्ता नव्हता. खुशालने बटण दाबलं.

मनालीने पाहिलं. "कोपर कापला गेला. पण मुंगळा आला. चालते." आणि पेन ड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला.

दुकानात येऊन त्याने पहिलं काम केलं ते फोटो कापायचं. सवय ती. कोपरा तेवढा ठेवला. पडद्यावर रीता एकटी, शून्यात पाहून हसत होती, डोकं फिरल्यासारखी. त्याने श्यामरावला परत घेतलं. आता ती श्यामरावला हसत होती, पण श्यामराव विनाकारण बोंबलत होता. बकरी घेतली. बकरीला जागा हवी म्हणून सायकल आली, आणि त्या पाठीही. करता करता पूर्ण बाजार परत आला. मग त्याने तसाच मोठा काढला आणि फ्रेम केली.

वर्षश्राद्धाला जांभळी बाई खाली उतरली आणि बाजार वर चढला. माय चष्मा न पुसताच म्हणाली, "हं. ही रीता." आणि स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला. पंगत बसत होती, तेवढ्यात श्यामराव आला, वर पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबला.

"हे का होय? मले हार?"

"तुले नाही गा, रीताले," चंद्रभागाबाई म्हणाली.

"काकी, हार त माह्या गळ्यात लोंबून राहिला! रीता तिकडं कोपऱ्यात. पाहनारा म्हनन श्यामराव गेला, बकरीसकट गेला."

"बकरी त गेलीच ना भाऊ," पंगतीतून कवडू म्हणाला. "जावई आल्ता तवा कापली."

"तू चूप रे! जित्या मानसाले हार घालते का कोनी? माह्या घरची पाहीन त अन्न सोडन."

"मंग तू सरक बाजूले," म्हातारी तापली. "तुले कोनं सांगलं माह्या सुनेच्या फोटोत यायले?"

"मी कायले येतो? तेच आली माह्या फोटोत!"

पंगतीत हसू फुटलं. सल्ले आले. श्यामरावच्या तोंडावर कागद चिकटवा. हार एका खिळ्याला तिरपा लावा. जांभळी बाई परत वर चढवा. एवढ्या लोकांत सल्ला द्यायचा फक्त खुशालच उरला होता. तो भाजीची बादली हातात घेऊन उभा होता. त्याने बादली ठेवली, स्टुलावर चढला आणि हार काढून घेतला.

"पन भाऊ, हार नाही त समजन कसं, ह्यातलं कोन गेलं?" कवडूने विचारलं.

"नाही समजलं त नाही समजलं."

म्हातारी फोटोकडे पाहत तांब्यातून पाणी प्यायली.

श्यामरावचा जीव भांड्यात पडला. तो पंगतीला बसला, आणि पत्रावळीवर वाढलं जाईपर्यंत वर पाहत राहिला. "काय हसली होती ना तवा. म्हने, भाऊजी, आता बकरीच घरी न्या, मेथी तिच्यातच हाये."

भाजी वाढत आलेला खुशाल थबकला. "हे रीता म्हनली?"

"हो ना. सारा बाजार हसला."

"मंग?"

"मंग का? सांबाराची जुडी घेतली आन गेली. तुह्याच घरी गेली ना."

घरी येऊन तिने हे सांगितलं असणारच. असली गोष्ट पोटात ठेवणारी ती नव्हती. तिने सांगितलं असेल आणि त्याने "हं" म्हटलं असेल. खुशालने आठवून पाहिलं. ना ते "हं" आठवलं, ना ती कोथिंबीर घातलेली भाजी. तो श्यामरावच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"पुन्हा सांग गा एक डाव."

"सांगतो ना," श्यामराव म्हणाला. "आधी भाजी त वाढ."