डाव्या हाताची जागा

विरूपाक्षअप्पा सिद्धपुरुष होते, हे मला ते वारल्यावर कळलं. जिवंत होते तोवर ते माझे शेतशेजारी होते आणि त्यांनी माझा बांध दोनदा कोरला होता. पहिल्या वेळी आम्ही शिव्यांवर भागवलं, दुसऱ्या वेळी तलाठ्याला बोलवावं लागलं. माणूस वाईट नव्हता. जमिनीचा लोभ कुणाला नसतो? पण सिद्ध? मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं.

आमची करडवाडी बालाघाटाच्या माळावर, उदगीर-देगलूर रस्त्याच्या वरच्या अंगाला. जमीन मुरमाड, हातभर माती, खाली खडक. करडई, हुलगा, थोडी तूर. खालच्या काळ्या रानातले लोक आमच्याकडं पोरगी द्यायला कां-कूं करत. माळाची एकच गोष्ट चांगली. कडेला उभं राहिलं की खाली तळ्याचं पाणी आणि लांब तेलंगणापर्यंतचं रान दिसतं. ते आम्हाला रोज दिसायचं, म्हणून आम्ही कधी बघितलं नाही. ते बघायला लोक पैसे देऊन येतील असं कुणी म्हणालं असतं, तर त्याला ऊन लागलंय म्हणून आम्ही कांदा फोडून हुंगवला असता.

आता लोक येतात. लातूर, नांदेड, हैदराबाद. आधी रस्ता रुंद झाला, मग लातूरच्या एका मालकानं अप्पांचं सगळं रान घेतलं आणि तिथं रिसॉर्ट उठवलं. तंबू, पोहायचा तलाव, कडेला काचेचा ओटा. थंडीत हुरडा पार्टी असते. हुरड्याची ज्वारी खालच्या गावातून टेम्पोनं येते, कारण आता माळावर ज्वारी पेरायला कुणी उरलेलं नाही. त्यांच्या बोअरला पाणी लागलं त्या साली माझी विहीर दिवाळीतच आटली. सांगायचं कुणाला? गावातली निम्मी पोरं तिथं कामाला आहेत.

अप्पांच्या लेकानं, सिद्धलिंगानं, रान विकलं ते काही अडचणीपायी नव्हे. त्याला देणं नव्हतं, पोटाला कमी नव्हतं. माळ कसून त्याचा जीव विटला होता. पोरगा उदगीरला कॉलेज शिकलेला, आवाज गोड, भजनात उभा राहिला की माणसं टाळ्या वाजवायची विसरत. मालकानं त्याला मॅनेजर करतो म्हटलं. दगड वेचण्यापेक्षा इस्त्रीचा शर्ट कुणालाही बरा वाटेल. मी त्याला तेव्हाही दोष दिला नाही.

अप्पांच्या बायकोनं, शरणम्मावैनींनी, मात्र एक अट घातली. लिंगायतांत मढं जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, बसवून माती देतात, आणि ज्याची जमीन आहे तो आपल्याच शेतात बसतो. अप्पांची समाधी माझ्या बांधापासून चार पावलांवर आहे. खड्डा खणताना वैनींनीच माणसांना तो जरा पलीकडं सरकवायला लावला होता. म्हणाल्या, "लगीन झालं तवापून ह्यांच्या डाव्या अंगाला बसले. उद्या बी तिथंच बसायचं हाय. जागा ठेवा."

ती डाव्या हाताची जागा त्या शेणानं सारवून ठेवायच्या. येणाऱ्या पाहुण्यासाठी आधीच अंथरूण घालून ठेवावं तशी. तण म्हणून उगवू दिलं नाही. रान विकताना त्यांनी मालकाला तिथं उभं केलं आणि दाखवलं. ही समाधी, ही माझी जागा. दोन्हीला हात लागता कामा नये. मालकानं कपाळाला विभूती लावली, समाधीवर हात ठेवला आणि शब्द दिला. मी साक्षीला होतो. लिहून घ्या असं कुणीच म्हणालं नाही. समाधीवर हात ठेवून दिलेला शब्द फिरत नाही अशी आमच्याकडं पक्की समजूत आहे. वर कागद मागणं म्हणजे अप्पांवरच अविश्वास झाला असता.

खरं सांगायचं तर मालकानं शब्द मोडला नाही. जे झालं ते आमच्या सिद्धलिंगाच्या गोड जिभेनं झालं.

पहिल्याच थंडीत हैदराबादच्या एका कुटुंबानं विचारलं, हे काय आहे? तो 'माझे वडील' म्हणणार होता, असं त्यानं मला पुढं सांगितलं. पण मालक शेजारी उभा होता आणि पंगत समोरच मांडली होती. थडग्याशेजारी हुरडा कोण खाईल? सिद्धलिंग म्हणाला, "सिद्धाचं ठाणं आहे." त्या बाईनं चप्पल काढली, हात जोडले. किती जुनं? "चारशे वर्षं." उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईला पुढच्या साली मूल झालं, ती पेढे घेऊन आली, आणि मग काय विचारता. श्रावणी सोमवारी रांग लागायला लागली. मालकानं समाधीला संगमरवर लावला, वर घंटा टांगली आणि सिद्धलिंगाच्या हातात माईक दिला.

गोष्ट दर मोसमाला वाढत गेली. सिद्ध काशीहून पायी आले. सिद्धांनी वाघाला ज्वारी खाऊ घातली. मी बांधाअलीकडं तुरीत उभा राहून ऐकायचो आणि हसायचो. अप्पा एकदा आमच्या कुत्र्याला भिऊन बाभळीवर चढले होते, ते मला आठवायचं. सिद्धलिंगानं नाव तेवढं बापाचंच ठेवलं होतं. काळ्या दगडाचा फलक उभा राहिला: श्री विरूपाक्ष सिद्ध, बालब्रह्मचारी.

हे शेवटचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक सिद्धाला असतं म्हणून त्यानं लावलं.

वैनी दर सोमवारी बेल घेऊन जायच्या. फाटकावरची पोरं ओळखीची, वैनींना कुणी अडवत नव्हतं. एका सोमवारी रांगेत उभ्या असताना त्यांनी लेकाचा माईकवरचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. बेल वाहिला आणि घरी न जाता त्या माझ्या बांधावर येऊन बसल्या. मी तुरीला खुरपत होतो.

"भावजी, बालब्रह्मचारी म्हंजे लगीन न केल्यालाच ना?"

"हाव."

"मग मी कोन?"

मी हसण्यावारी न्यायला गेलो. म्हटलं, वैनी, पोरगं पोटासाठी बोलतंय, मनाला लावून घेऊ नका. त्या हसल्या नाहीत.

"चार लेकरं झाली मला. दोन मातीत गेली, दोन हायती. त्यातलंच एक उभं राहून सांगतंय, बाप ब्रह्मचारी व्हता म्हनून." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "वाघाचं राहू द्या. काशीचं बी राहू द्या. तेवढा एक शबुद काढ म्हनावं त्याला. माजं ऐकत न्हाई त्यो, तुमचं ऐकंल."

मी सिद्धलिंगाला गाठलं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, दगडात कोरलंय ते. मालकाच्या पुस्तकात छापलंय. आता कसं काढू?"

"तिला लागलंय रे ते."

"शबदानं काय व्हतंय? अव्वाची जागा कुटं जातीय? मी हाय ना."

त्याच्या अव्वाची, आईची, जागा कुठं गेली नव्हती. मी त्याच्याबरोबर जाऊन बघितलं. लोक समाधीपुढं चपला काढून टाकत, त्यांचा ढीग व्हायचा, म्हणून डाव्या हाताला सिमेंट घालून लोखंडी चप्पल स्टँड बसवला होता. वैनींच्या सारवलेल्या जागेवर. मी सिद्धलिंगाकडं बघितलं. तो म्हणाला, "वेळ आली की उचलायचं, काका. नटबोल्टाचं हाय." मला संताप आला होता, पण लेकाच्या वयाच्या माणसाशी त्याच्या नोकरांसमोर भांडणं मला जमलं नाही. वैनी त्यानंतर सोमवारी जायच्या बंद झाल्या. विचारलं तर म्हणायच्या, गुडघे दुखतात.

पौषात त्या गेल्या. सकाळी मंजुषानं, म्हणजे सुनेनं, चहा नेला तेव्हा अंग गार होतं. घरासमोर माणसं जमली. जंगमस्वामी वीरय्या आले, वैनींना आंघोळ घालून, कपाळभर विभूती लावून, भिंतीशी बसवलं. त्यांना बसवून न्यायचं विमान सजवायला केळीचे खुंट आणले. सिद्धलिंग मोटारसायकलवर रिसॉर्टकडं गेला. जाताना म्हणाला, स्टँड काढून घेतो, दुपारपर्यंत खड्डा होईल.

दुपार झाली तरी तो आला नाही. भजनवाले दोनदा चहा पिऊन झाले. शेवटी मीच गेलो. तो समाधीजवळ पायरीवर बसला होता, हातात पाना. स्टँडचे दोन बोल्ट काढलेले, दोन तसेच. समोर हुरड्याच्या मंडपात गर्दी होती.

"काय झालं?"

"मालक न्हाई म्हनले."

"शब्द दिलाय त्यांनी. मी साक्षी हाय. चल, मी बोलतो."

"तसं सरळ न्हाई म्हनले न्हाईत, काका. शबुद बी मोडला न्हाई. मला म्हनले, जागा तुमचीच हाय, खुशाल खोदा. फकस्त एवढं सांग, बालब्रह्मचाऱ्याच्या डाव्या हाताला बाई कोन बसवली, म्हनून लोकांनी विचारलं तर माईकवर काय सांगशील? काय सांगायचं ते तू ठरव, म्हनले. आन गेले जेवायला."

मी वाट बघितली. मला खरोखर वाटलं होतं की तो उठेल. मंडपात जाऊन माईक घेईल आणि म्हणेल, हा माझा बाप, घरात माझी आई बसवून ठेवलीय. एवढंच म्हणायचं होतं. त्याचा आवाज तर गोड होताच. पण तो पाना उलटा-सुलटा करत राहिला. मग म्हणाला, "धा-बारा घरं चालतात, काका, ह्या ठाण्यावर. नारळवाले, चहावाले. सगळं बसून जाईल."

तेही खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला.

"मग कुठं नेतोस तिला?"

"वढ्याकडंच्या रुद्रभूमीत."

रुद्रभूमी म्हणजे गावातल्या लिंगायतांची माती द्यायची जागा. ओढा समाधीपासून कोसभर. चाळीस वर्षं एका चुलीशी बसलेली माणसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "माज्या बांधावर बसव."

त्यानं पाना खाली ठेवला. बांध तोच, अप्पांनी कोरलेला. रिसॉर्टची भिंत त्याला लागूनच आहे. पोरांनी पलीकडच्या बाजूनं कुदळी आणल्या. मुरूम फोडता फोडता दिवस कलला. वैनींना विमानातून आणलं, ते मोठ्या फाटकानं नव्हे, मागच्या पांदीनं. मंडपातल्या गाण्याचा आवाज होता, म्हणून भजन हळू म्हटलं. स्वामींनी इष्टलिंग हातावर ठेवलं, बेल, विभूती, मीठ घातलं आणि माती लोटली. वैनी अप्पांच्या डाव्या हातालाच बसल्या म्हणायच्या. मध्ये एक भिंत आणि एक चप्पल स्टँड, इतकंच.

दगड बसवायचा तर सिद्धलिंग म्हणाला, नाव आताच नको, काका, मोसम सरू द्या. मी नुसता माथा गोल केलेला दगड रोवला.

त्या आठवड्यात माझा लेक पुण्याहून आला होता. मालकाला गाड्या लावायला जागा हवी आहे, आणि माझं रान भिंतीला लागून आहे. लेक मला काही म्हणाला नाही. मालकाबरोबर बांधावरून चालून आला, जेवला आणि गेला. मला न विचारता माझ्या शेताचा विचार झाला, हे मला कळलं. मी असेपर्यंत कुणी हात लावणार नाही. पुढचं मी कुणाच्या हातावर ठेवू?

नंतरच्या रविवारी मी तूर कापत होतो. भिंतीपलीकडं सिद्धलिंगाची गोष्ट वाघापर्यंत आली होती. एक बाई चपला ठेवायला स्टँडशी आली असावी, तिला भिंतीवरून इकडची ताजी माती आणि झेंडूचे हार दिसले. तिनं मोठ्यानं विचारलं, "पलीकडे ती कुणाची समाधी आहे?"

माईक चालू होता. त्यामुळं तो थांबला तेही ऐकू आलं.

"ती शेजाऱ्याची आहे, मॅडम. आपल्या देवस्थानाशी तिचा संबंध नाही."

मी विळा खाली ठेवला.  काम पुढं झालं नाही.

दिवस मावळायच्या आधी तो पांदीनं आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात मॅनेजरचं ओळखपत्र, ओंजळीत बेल. आईच्या दगडापुढं बसला. बराच वेळ त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"काका, ऐकू आलं का तुमाला?"

"मला आलं. तिला बी आलं आसंल. भिंत काय लई जाड न्हाई."

तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. रडून झाल्यावर नाक पुसत तो म्हणाला, "काका, हे रान इकू नका. कोन बी येऊ द्या, इकू नका. अव्वा हाय हितं."

"मी हाय तवर न्हाई."

"आन मग?"

मी त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघितलं. "मग काय, सिद्धलिंगा. हिची जागा राखायची तर हिची बी गोष्ट तुलाच सांगावी लागंल."

 तो ओंजळीतला बेल दगडावर एकेक पान करून ठेवत राहिला. पलीकडं घंटा वाजली. सायंकाळच्या आरतीला लोक जमले होते. तो उठला, गुडघ्यांची माती झटकली आणि पांदीनं परत गेला.