दोन अंगणांचा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या झाकणावर ठळक अक्षरांत 'सौ. कृष्णाबाई काळूराम ठाकूर' असं नाव आहे, पण मी राहतो मात्र त्यांच्या शेजारणीकडे, जयमालाबाईंच्या घरात. छे, यात चोरीबिरी काही नाही. हा सगळा दोन बायकांच्या हट्टाचा प्रताप!

मिठागरावर काम करणाऱ्या काळूरामांनी मला पेणच्या बाजारातून आणलं. नाव घालायचं यंत्र टर्र करून अंगावर फिरलं, तेव्हा मला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! पुढची वीस वर्षं मी दोन अंगणांत येरझाऱ्या घातल्या. जाताना वाल, येताना लाडू. रिकामं भांडं परत द्यायची आमच्याकडे रीतच नाही. सगळे माझं कौतुक करायचे आणि मीही जरा रुबाबात असायचो.

सहा वर्षांपूर्वी मी असाच वाल घेऊन जयमालाबाईंकडे आलो. त्याच आठवड्यात कृष्णाबाईंच्या कोंबड्या जयमालाबाईंच्या वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवरून खुशाल फिरून गेल्या. बाई शाळेत शिकवायच्या, त्यामुळे आवाजही शाळेचाच. "कोंबड्या आवरत नाहीत तर पाळता कशाला?"

कुंपणापलीकडून उत्तर आलं, "तुला पापर येत न्हाय, तं करतेस कशाला?"

झालं! बोलणं बंद आणि मी फळीवर. दोन वर्षांपूर्वी काळूराम वारले. बाई चार बायकांबरोबर तिथे जाऊन बसल्या, पण तोंडातून शब्द फुटला नाही. घरी येऊन त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि मला पुन्हा वर ठेवून दिलं. मला फार वाईट वाटलं.

यंदा बाईंच्या यजमानांचं, रत्नपालरावांचं, छातीचं दुखणं वाढलं. दवाखाना जवळ हवा, म्हणून दोघांनी अलिबागला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. रत्नपालराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी प्रत्येक खोक्याला नंबर घातला, यादी केली आणि टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी मला सरळ भंगाराच्या गोणीत टाकलं.

"अहो, तो आपला नाही!" बाई धावत आल्या.

"मग ठेव कुंपणावर. नेतील त्या."

"रिकामा? आणि न बोलता? मग तर कायमचंच तुटलं. उद्या आपण जाणार. आज नाही बोलले तर कधी बोलणार?"

रव्याचे लाडू करायचं ठरलं. कढई चार नंबरच्या खोक्यात, रवा सातमध्ये, आणि तूप कुठे गेलं ते यादीलाही ठाऊक नव्हतं. रत्नपालराव कुरकुरत एकेका खोक्याच्या दोऱ्या सोडत होते. शेवटी लाडू वळायलाही तेच बसले.

कृष्णाबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. लाडूंनी भरलेला मला घेऊन बाई त्यांच्या अंगणात शिरल्या आणि तिथेच थबकल्या.

"वहिनी, तुमचा डबा. भाऊ गेले तेव्हा बोलायला हवं होतं मी. चुकलं माझं."

कृष्णाबाईंनी माझं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "पापर न्हाय आनलेस?" त्या हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. मग बाईंनाही आवरेना.

थोड्या वेळाने लाडू परातीत गेले. मला घासून पुसून माझ्यात गच्च वाल भरले गेले आणि मी पुन्हा बाईंच्या हातात आलो.

"यो डबा तिकरं ने."

"अहो, भाऊंचं नाव आहे यावर!"

"म्हनूनच. दुसरा दिला तं इसरशील. यो भरून आनायला तुला यावंच लागंल."

मित्रांनो, तुमच्याही फळीवर दुसऱ्याच्या नावाचा एखादा डबा पडून असेल. त्याला भंगारात टाकू नका. त्यात मूठभर काहीतरी घाला आणि ज्याचा त्याला नेऊन द्या. आम्ही डबे कितीही वर्षं वाट पाहू. काळूराम थांबले नाहीत.

मी आता अलिबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो. रविवारी गावी जायचं आहे. माझ्यात काय भरायचं, यावरून सकाळपासून दोघांची जुंपली आहे.