दुमडलेली वायर

घर कसं आरशासारखं लख्ख हवं, हा तिचा हट्ट. आणि आरशासारख्या घरात माणूस टिकत नाही, असं तिचा नवरा हयात असताना म्हणायचा, तेही दुसऱ्या खोलीत जाऊन. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालण्यात तिचा जन्म गेला होता. तिने घातलेल्या घडीवर नख फिरवलं तर कापेल, असं तिथल्या बायका तिच्या माघारी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लेकीशी भांडण झालं त्या दिवशीही तिने सगळा राग घडीवरच काढला. लेक परदेशात, दिवस भरत आलेले, फोनच्या पडद्यावर काकुळतीला येऊन म्हणत होती, "आई, तू ये गं. मला भीती वाटते." त्यावर हिच्या तोंडून निघून गेलं, "लग्न करताना विचारलं होतंस मला? मग आता निस्तर तुझं तू." बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच कसंतरी झालं, पण चौथीपर्यंतच्या शाळेत माघार हा शब्द तिच्या पाटीवर कुणी लिहून दिला नव्हता. फोन ठेवून तिने झाडू घेतला. आतल्या खोलीत टेबलावर नेटचा डबा होता आणि त्याची पिवळी वायर भिंतीवरून गबाळ्यासारखी लोंबत होती. ती तिने चादर दुमडावी तशी चापूनचोपून दुमडली, वरून दोरा आवळला, खिळ्याला टांगली आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर लेकीचा फोन आला नाही. रुसली असेल, रुसू दे. आपण आधी करायचा नाही.

मात्र संध्याकाळी कामावरून यावं, तर आतल्या खोलीतली खुर्ची टेबलापासून ओढलेली, जराशी तिरकी. ती खुर्ची आत सरकवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उंदीर काही खुर्च्या ओढत नाहीत. आपणच विसरत असू, वय झालं, असं म्हणून तिने तो विषय स्वतःपुरता मिटवला. मग जिन्यात शेजारीण भेटली.

"लेकीशी किती गोड बोलता हो हल्ली! दुपारी भिंतीतून ऐकू येतं. परवा तर माझेच डोळे भरून आले."

हा टोमणा आहे हे तिने लगेच ओळखलं. "दुपारी मी चादरी मोजत असते," ती फणकारली. "आणि मी गोड? मुंग्या लागल्यात का मला?"

शेजारीण तोंडावर पदर धरून आत गेली. हसली की घाबरली, ते हिला कळलं नाही.

शेवटी आतडं ते आतडंच. बाळंतपण तोंडावर आलं तसं तिने एका सकाळी लेकीला फोन लावला, तर तो लागेना. डब्यावर लाल दिवा. कंपनीच्या बाईने फोनवरून सांगितलं ते सगळं तिने केलं: बटण बंद केलं, थांबली, चालू केलं, मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली. दिवा लालच. डब्याला हात लावला तर मात्र नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखा उबदार लागला.

सुट्टीच्या दिवशी नेटवाला आला. टकला, पोट सुटलेला, वाकताना कण्हणारा. त्याने खिळ्यावरची वायर पाहिली आणि कंबरेवर हात ठेवले.

"ताई, ही घडी कुणी घातली?"

"मी. का, चुकली?"

"घडी झकास आहे. पण आत काच असते, केसाएवढी. तिच्यातून उजेड धावतो. इतकी दुमडली की उजेड अडकतो." त्याने तुटका भाग कापला, नवं टोक जोडलं, डबा मोबाइलला जोडून बघितला. "महिना होत आला. तेव्हापासून या घरातून एक शब्द बाहेर गेलेला नाही आणि आत आलेला नाही."

भांडणाचाच दिवस. म्हणजे पोरगी फोन करत असेल आणि लागत नसेल! इतक्या दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड हलला. नेटवाल्याला तिने चक्क चहा विचारला. तो गेला तशी ती खुर्चीत बसली. दिवा हिरवा होता.

लेक पडद्यावर आली ती हसतच. गाल भरले होते.

"काय गं, सांगायचं काही राहिलं का? काल दुपारीच तर ठेवलास."

"काल? काय ठेवलं?"

"फोन! तू येणार म्हणून यांनी खोलीसुद्धा आवरली. खरं सांगू? तू माफी मागितलीस ना, तेव्हापासून मला झोप लागते. भीतीच गेली."

"माफी? मी?"

तीन शब्दही नव्हते, पण जिभेची धार त्यांना लागलीच. लेकीचं हसू विझलं. हात पोटावर गेला.

"आई, परत नको ना सुरू करूस. कालच्यासारखी बोल ना."

तिने तोंड उघडलं. बाळा म्हणायचं होतं. एवढा एक शब्द. पण अशा शब्दासाठी जन्मभर न वापरलेली जीभ लाकडासारखी पडून राहिली. पडद्यावर लेक वाट पाहत होती, मार चुकवायला बसलेल्या पोरीसारखी खांदे आखडून.

"थांब," ती म्हणाली. "नेट जातंय."

तिने पिवळी वायर हातात घेतली, चापून दुमडली, नख फिरवलं, दोरा आवळला. दिवा लाल झाला. मग तिने खुर्ची मागे ओढली, जराशी तिरकी, रोज सापडायची तशी, आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.

बराच वेळ काही नाही. मग खुर्ची करकरली.

"हं बाळा, आता येतंय का ऐकू?" आतून आवाज आला. तिचाच.

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. ती अनवाणी गेली आणि आत व्यत्यय नको म्हणून तिने तो घट्ट पिळला.