कडी कुणीकडून?

मी एक जुनं दार आहे, मित्रांनो, पण माझ्यातून आजवर कुणी कुठे गेलेलं नाही.

इतर दारांना एक आत असतं आणि एक बाहेर असतं. माझ्या दोन्ही बाजूंना एकच खोली आहे : तुरुंगातला सुतारकामाचा वर्ग. खोलीच्या मधोमध लाकडी चौकट उभी आहे. तिच्या आजूबाजूला भिंत नाही. शिकणाऱ्यानं मला त्या चौकटीत बसवायचं, कडी लावायची, मास्तरांनी तपासायचं, आणि मग सगळं काढून मला पुढच्याच्या हाती द्यायचं. इतक्या वेळा बसवलेलं आणि इतक्या वेळा उतरवलेलं मी तरी दुसरं काही पाहिलेलं नाही. सरकारांबद्दल तसं ऐकून आहे.

माझा जन्म याच खोलीतला. मास्तरांनी मोडक्या बाकांच्या फळ्यांवर रंधा मारून मला घडवलं. ती बाकं कोर्टातली होती म्हणे. म्हणजे इथल्या बऱ्याच जणांची आणि माझी आधीपासूनच ओळख होती.

सुरुवातीची वर्षं फार मानाची गेली. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन येत, मला उघडझाक करून दाखवत आणि ‘वा, वा’ म्हणत. माझ्यामुळे कित्येकांना अपूर्णांक कळले. शाळेत पाव आणि अर्धा कळला नाही तर छडी बसते आणि विषय संपतो. इथे पाव इंच चुकलं की मी चौकटीला घासून असा काही कर्कश आवाज काढायचो की शेजारच्या बराकीतले लोक मास्तरांच्या आधी चूक काढत.

मग एक नवे साहेब आले. कैद्यांना दारं शिकवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं त्यांचं मत पडलं. वर्ग बंद झाला. मला दोन पिंपांवर आडवं टाकलं आणि माझ्यावर साहेबांच्या गणवेशांना इस्त्री होऊ लागली. मित्रांनो, दाराला आडवं करण्यासारखा अपमान नाही. पण त्या दीड वर्षात मी एक गोष्ट पाहिली. सुटून गेलेले लोक भराभर परत येऊ लागले. कुणी दोन महिन्यांनी, कुणी तीन आठवड्यांनी. साहेबांनी त्यावर एक लांबलचक अहवाल लिहिला. तोही माझ्यावरच ठेवून लिहिला. पुढे त्यांची बदली झाली आणि मी पुन्हा उभा राहिलो.

तेव्हा वर्गात आला पहार. उंच, सडपातळ, सरळसोट. शिवाय घरफोडीला तेच हत्यार वापरायचा, म्हणून सगळे त्याला पहार म्हणत. त्याच्यावर नजर ठेवणारा तो पहारेकरी. दोघांची नावं एकाच वेळी पुकारली की मोठा गोंधळ व्हायचा. पहारची ही तिसरी खेप होती. दारांची त्याला चांगली माहिती होती, पण फक्त मोडण्याच्या अंगानं.

“हे कुणी केलंय?” माझ्यावर बोट वाजवत त्यानं पहिल्या दिवशी विचारलं.

“मी,” मास्तर म्हणाले.

“बिजागरी कच्ची आहे. पाच मिनिटंसुद्धा टिकणार नाही.”

“मग पक्की करून दाखव, दीडशहाण्या!”

तिथून तो कामाला लागला. सकाळी सुतारकाम आणि दुपारी वाचन. वाचायला त्याला मुळीच यायचं नाही. त्याच्या ताईची पत्रं बराकीतला एकजण वाचून दाखवायचा. तो खोट्या सह्यांपायी आत आलेला. त्याला खोटं वाचनही झकास जमायचं. “ताई म्हणतेय, लवकर ये, डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय.” सात महिन्यांनी पहारला अक्षरं जुळवता आली आणि त्यानं ताईचं पत्र रंध्याशेजारी ठेवून, बोटानं ओळ धरून, स्वतः वाचलं. त्यात लिहिलं होतं : ‘हाताला काम असेल तर ये. नाहीतर या वेळी तुला दारात उभा करणार नाही.’

त्या दिवशी त्यानं माझ्यावरून जरा जास्तच रंधा मारला.

मास्तरांना तो एवढंच म्हणाला, “मागच्या दोन्ही वेळी सुटलो तेव्हा फाटकापाशी एकटा जुना दोस्त हजर होता. म्हणाला, काम आहे.”

खरंच आहे ते. फाटकापाशी ताटकळण्याचा उत्साह दोस्तांना असतो, कारखानदारांना नसतो. म्हणून मास्तरांनी ताईची अट कळवून कारखान्यांना पत्रांवर पत्रं धाडली, आणि पहारच्या सुटकेला नऊ दिवस उरले असताना दारं-खिडक्यांच्या एका कारखान्याच्या मालकीणबाई परीक्षा घ्यायला आल्या.

“मास्तर, स्पष्ट सांगते,” त्या म्हणाल्या. “माझ्या घराला तीन कुलपं आहेत. त्यातलं तिसरं आज इकडे निघताना लावलंय.”

“कुठल्या बनावटीचं, बाई?” पहारनं आपुलकीनं विचारलं. मास्तरांनी त्याच्या पायावर पाय दिला.

“ही तुझ्या आजीची खोली आहे असं समज,” बाई म्हणाल्या. “दार बसव, कडी लाव. दोन तास.”

मित्रांनो, असा हात माझ्या अंगाला पूर्वी कधी लागला नव्हता. पटाशी लोण्यातून फिरावी तशी फिरली. बिजागरी अशी बसली की मी हूं की चूं केलं नाही. चारी बाजूंना सारखी फट. जिथे सोडावं तिथे मी थांबत होतो. शेवटी त्यानं कडी लावली आणि तो घाम पुसत बाजूला झाला. बाईंनी कडांवरून हात फिरवला. त्यांच्या भुवया वर गेल्या. मग चौकटीतून पलीकडे गेल्या आणि त्यांनी मला बंद केलं.

पलीकडून आवाज आला, “कडी कुठंय?”

“आहे की, बाई. इकडे.”

“इकडे म्हणजे?”

“बाहेरून.”

“मग आजीनं आतून दार लावायचं कसं?”

पहारला प्रश्नच कळला नाही. “आतून?” तो म्हणाला. “आतून कोण लावतं?”

मास्तर सावकाश माझ्या पलीकडच्या बाजूला गेले. एका बाजूला भोकांची नुसती चाळण. एवढ्या वर्षांत इथे शिकलेल्या प्रत्येकानं कडी त्याच बाजूला लावली होती. दुसरी बाजू कोरी करकरीत.

“माझ्याही ध्यानात नाही आलं,” मास्तर पुटपुटले. “वीस वर्षं मीसुद्धा इथलीच दारं बघतोय.”

बाईंनी पिशवी उचलली. “हात चांगला आहे हो. पण अशी कडी लावून दिली, तर गिऱ्हाईक मलाच कोंडून घालेल.”

“दहा मिनिटं द्या, बाई.” पहार पुढे झाला. “मला आत्ता कळलंय.”

बाईंनी घड्याळ पाहिलं. पिशवी खाली ठेवली नाही, पण निघाल्याही नाहीत.

त्यानं कडी काढली. भोकांत लाकडी खुंट्या ठोकून वरून घासून घेतलं. मग कोऱ्या बाजूला माप घेतलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि माझ्या त्या अंगाला पहिलं भोक पाडलं. दुखलं, पण बरं वाटलं. आठ मिनिटांत काम झालं. मग कडी नीट बसते का ते पाहायला तो त्या बाजूला गेला, मला बंद केलं आणि त्यानं कडी सरकवली.

पहारेकरी ताडकन उठला. “ए पहार! उघड! आतून कडी लावायची परवानगी नाही!” आणि माझ्यावर दाणदाण मुठी मारू लागला.

आजूबाजूला भिंत नव्हती, हे मी आधीच सांगितलंय. डावीकडून तीन पावलं टाकली की पहार समोर होता. पण कुणी गेलं नाही. बाई नाहीत, मास्तर नाहीत, पहारेकरीसुद्धा नाही. सगळे शहाण्यासारखे दारासमोर उभे राहिले.

“येतो साहेब,” पलीकडून आवाज आला. “जरा बघतोय.”

त्यानं कडी काढली. लावली. पुन्हा काढली. त्याचा चेहरा फक्त मला दिसत होता आणि तो मी कुणाला सांगणार नाही. कडी आतून होती. तेवढं खासगीपण त्याला मिळायलाच हवं.

त्यानं दार उघडलं तेव्हा बाईंची पिशवी खाली होती आणि त्या सुतारकामाच्या टेबलावर वाकून लिहीत होत्या. “सुटल्यावरच्या मंगळवारपासून ये. हे पत्र ताईला दाखव. वाचता येतं ना?”

“येतं. म्हणून तुम्ही लिहाल ते खरं लिहा.”

त्यानं पत्र मोठ्यांदा, अडखळत, शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. वर्गातच असलेल्या खोट्या सह्यांवाल्यानं ती सही निरखून अस्सल असल्याचा निर्वाळा दिला.

वर्षभरानं बाई पुन्हा आल्या. पहारेकऱ्यानं आधी तेच विचारलं, “पळाला का हो?”

“तो कुठला पळतोय! पहिल्या दिवशी आठची वेळ, साडेआठ झाले तरी पत्ता नाही. म्हटलं, झालं, गेला. बाहेर येऊन बघते तर दारासमोर उभा. साडेसातपासून. ‘आत का नाही आलास रे?’ तर म्हणे, ‘कुणी उघडलं नाही.’”

पहारेकरी हसला, आणि मध्येच थांबला.

“आणि आता?”

“आता ढकलून येतो. ताईच्या मुलांना पाढे शिकवतो आणि माझ्या कामगारांना शहाणपण. ते जाऊ द्या. त्याच्यासारखे अजून दोघं आहेत का?”

मास्तरांनी तिघांची नावं सांगितली.

तर मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. मला रंग देऊ नका, संग्रहालयातही ठेवू नका. फक्त पुन्हा आडवं करू नका. या वर्गाला उभ्या दाराची गरज आहे. आणि आणखी एक. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमची दुकानं होतील, कारखाने होतील. एखाद्या सकाळी कुणीतरी नीट भांग पाडून, हातात कागद घेऊन बाहेर नुसताच उभा दिसेल. तो आळशी नाही, शिष्ट तर मुळीच नाही. दार उघडायची त्याची सवय गेलीय, इतकंच. अशा वेळी खुर्चीतून उठा, दार उघडा आणि एकदाच म्हणा, “ये, आत ये.”

पुढची दारं तो स्वतः उघडेल. ते आम्ही त्याला शिकवलेलं असतं.