मलाच का डागलंत?

मी अप्पाजीच्या उजव्या गुडघ्याची वाटी बोलतेय. हसू नका. इतकी वर्षं मी ओरडत होते तेव्हा कुणी कान दिला नाही, आता तरी मुकाट ऐकून घ्या.

जन्मले तेव्हा मी हाडसुद्धा नव्हते, मऊ कूर्चा होते. धारवाडजवळच्या अळणावर गावात, घरच्या अंगणात अप्पाजी रांगला, धडपडला, तशी टणक होत गेले. माझं काम अगदी साधं. मांडीच्या स्नायूंनी मला ओढायचं आणि मी हाडावरच्या खोबणीतून सरळ वर-खाली सरकायचं.

अंगात बळ आल्यावर अप्पाजी लाकूड कापायच्या कामाला लागला. सागवानी ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात, आणि दोघांनी मिळून मोठी करवत ओढायची. वरची जागा थोरल्याची, असा या घरचा रिवाज. म्हणून अप्पाजी वर, आणि धाकटा भाऊ सटवाजी खाली डोळ्यांत भुसा घेत. वरच्याचा तोल गेला तर करवत खालच्याच्या अंगावर. म्हणजे सटवाजीचा जीव माझ्या भरवशावर होता.

अप्पाजी कायम उजवाच पाय पुढे वाकवून उभा राहायचा. मांडीची बाहेरची बाजू दोरखंडासारखी झाली, आतली वाळत गेली. बाहेरची मला आपल्याकडे खेचायची, आतली आवरायची नाही. मी खोबणीच्या काठावर घासायला लागले. उतार उतरताना, उकिडवं बसताना ठणकायला लागले. मग काय गाणी म्हणू?

"वात हाय," म्हणत त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, बिब्बा घातला. उतार पडेना म्हणून विळा तापवून डाग दिला. माझ्यावर! मांडीनं करायचं आणि मी भोगायचं. फोड सुकेपर्यंत अप्पाजीनं पाय हलवला नाही, त्यात आतली मांडी आणखीच रोडावली.

शेवटी सटवाजी त्याला धारवाडच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दोन्ही मांड्या दाबून पाहिल्या.

"ही आतली बाजू वाळलीय. त्यामुळं वाटी बाहेर ओढली जाते आणि पाय लटपटतो. रोज खाटेवर बसून पाय सावकाश सरळ करायचा, मांडी घट्ट करून धरायची. मांडी भरेपर्यंत ओंडक्यावर चढू नका."

माझ्या जिवात जीव आला. पण बाहेर पडताच अप्पाजी फिसकन हसला.

"दुखतंय गुडघ्यात, आणि ह्यो मांडी दाबतोय! खाटेवर बसून पाय हलवायला मी काय बाळंतीण हाय?"

"अण्णा, तवर मी वर उभारतो की. तू खाली ये."

"थोरला जित्ता असताना धाकटा वर? साकु!" तो कानडीत खेकसला. "बास कर तुझं शहाणपण."

लढाईचे दिवस होते, लाकडाला मरणाची मागणी. अप्पाजीनं मला फडक्यानं करकचून आवळलं आणि तो चढला. मी जीव तोडून ओरडले. करवत निम्म्यावर आली आणि वाळकी मांडी एकदम सुटली. गुडघा मुडपला. अप्पाजी खड्ड्याकाठच्या भुशाच्या ढिगावर पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. करवत खड्ड्यात गेली. सटवाजीचा उजवा हात मनगटापासून गेला.

आता अप्पाजी दारात पाय पसरून बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मला थोपटून दाखवतो, "ह्या गुडघ्यानं घात केला बघा." मी घात केला? वाळली मांडी, अडून बसला तो, आणि नाव माझं! संताप होतो नुसता. सटवाजी डाव्या हातानं भाकरी मोडतो.

बाबांनो, माझं एकच मागणं आहे. जो ओरडतो त्याला डागायच्या आधी त्याला कोण ओढतंय तेवढं बघा.

काल सोनाबाईनं पुन्हा विळा तापवला. पाय धरायला सटवाजी बसला, एका हातानं.

"अण्णा," तो हळूच म्हणाला, "डाक्तर मांडी म्हणाला हुता."

"नीट धर," अप्पाजी म्हणाला.