पलीकडच्या काठाला तापणारे इंजिन

केरबाची नाव एकाच काठाला जाताना तापते, हे मला मुळीच मान्य नव्हते. इंजिनाला काठ कळत नाही. त्याला पाणी, तेल आणि भार एवढेच कळते. उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात तो दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगितले.

"मिस्त्री, तुमी या आणि तुमच्या डोळ्यानं बघा," तो म्हणाला. "दुधाचे क्यान घिऊन डेरीकडं गेलं तर थंडगार हाय. त्या अंगाला निघालं की उकळतंय."

'त्या अंगाला' म्हणजे धरणाच्या फुगवट्यापलीकडे, त्याचा मेहुणा जोतीराम याच्या गावी. फाल्गुनापासून केरबाची बायको तानाबाई तिथे राहत होती. नदीकाठचे वीस गुंठे तिला न विचारता विकून केरबाने ही डिझेलची नाव घेतली. तिने भांडण केले नाही. एका सकाळी दोन लुगडी पिशवीत घातली आणि भावाकडे गेली. तिला आणायला तो तीन वेळा निघाला. तिन्ही वेळा मध्यावर वाफ उसळली, आणि धक्क्यावर उभ्या असलेल्या तिच्यादेखत त्याला वल्ही मारीत परतावे लागले. आता चौथ्यांदा असे झाले तर ती धक्क्यावर यायची नाही, असा निरोप जोतीरामने धाडला होता.

मग एसटीने का जात नाही, असे मी विचारले. जमीन मोडून घेतलेली नाव जर तिच्या दारापर्यंत पोचत नसेल, तर एसटीने जाऊन तिला तोंड कोणते दाखवू, असे तो म्हणाला. रविवारी मी गेलो.

माझ्याआधी दोघांनी हात घातला होता. एकाने पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी चाक बदलले होते. दुसऱ्याने तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. दोष सापडत नसला की भाग काढून टाकावा, ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. मी काहीही खोलले नाही. अशा इंजिनात तळाच्या भोकातून जलाशयाचे पाणी आत येते, उष्णता घेते आणि धुराबरोबर मागून बाहेर पडते. तेव्हा आधी मागे जाऊन बसलो आणि केरबाला वेग वाढवायला सांगितले.

वेग मंद असताना धार बरी पडत होती. वेग वाढला, पण धार वाढली नाही. उलट ती तुटू लागली आणि तापमानाचा काटा चढू लागला. मी त्याला विचारले, दूध नेताना वेग किती असतो? क्यान हिंदकळू नयेत म्हणून सावकाश, तो म्हणाला. आणि त्या अंगाला जाताना? तो काट्याकडे पाहत राहिला. बायकोकडे निघालेला माणूस इंजिनाला जेवढे पळता येईल तेवढे पळवीत होता.

रबरी चाक शाबूत होते. मग तळाच्या तोटीवरची नळी सोडवून तोटी उघडली. पाणी उसळून वर यायला हवे होते; ते पाझरले. म्हणजे अडथळा बाहेर होता, नावेच्या पोटाखाली.

"तितं काय न्हाय," केरबा घाईने म्हणाला. "तितं मी सोताच्या हातानं फडकं बांधलंय."

नाव उथळात ओढून मी पोटाखाली हात घातला. भोकाबाहेरच्या पितळी जाळीवर लुगड्याची चौपदरी घडी सुतळीने आवळून बांधलेली होती. शेवाळ आणि गाळ बसून तिचे चामडे झाले होते. केरबाचे म्हणणे असे, की शेतावरच्या मोटरीच्या पाइपाला, नदीतल्या तोंडाशी, तीस वर्षे असेच फडके बांधत आलो. शेवाळ आत गेले नाही आणि मोटर कधी तापली नाही. बांधणे चूक असते तर तेव्हाच कळले असते.

त्याचा युक्तिवाद बिनतोड होता, एक गोष्ट सोडली तर. मी विचारले, "ते फडकं धूत कोण होतं?"

गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने जे सांगितले ते तुटक होते. तानाबाई दर आठ दिवसांनी धुणे घेऊन नदीवर जायची. यायला उशीर करायची. कमरेपर्यंत भिजून यायची. बायकांच्या गप्पा संपत नाहीत म्हणून तो तिला बोल लावायचा. बांधणे त्याचे काम होते, म्हणून ते त्याला ठाऊक होते. पाण्यात उतरून ते सोडायचे, धुवायचे आणि पुन्हा बांधायचे, हे काम जगात आहे, हेच त्याला ठाऊक नव्हते.

मी फडके काढून टाकले, जाळी घासली, नवा थर्मोस्टॅट बसवला. गाळ अडवायला आतल्या बाजूला उघडून धुता येईल असे गाळणे लावले आणि ते दर आठवड्याला धुवायचे, असे त्याला बजावले. त्याने मान हलवली. मग पूर्ण वेगाने आम्ही त्या अंगाला निघालो. मध्य ओलांडला तरी काटा हलला नाही. काट्याकडे फक्त मी पाहत होतो.

धक्क्यावर जोतीराम होता. "काय दाजी, आज वाफ न्हाय आणली व्हय?" तो म्हणाला आणि बहिणीला हाक मारायला वर गेला.

तानाबाई आली आणि पाण्यापासून चार पावलांवर थांबली. केरबा नावेतून उतरला. जमिनीविषयी काय बोलायचे ते त्याने वाटेत मला दोनदा म्हणून दाखवले होते. त्यातले तो काहीच बोलला नाही.

"मोटरीचं फडकं तू धूत हुतीस," तो म्हणाला. "मला ठावं न्हवतं."

"तीस वर्सं," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "जमीन इकायच्या आदी इचारलं असतं, तर सांगितलं असतं की."

चल म्हणून त्याने हात पुढे केला. तिने नावेकडे पाहिले, पुढे येऊन इंजिनावरच्या फळीला तळवा लावून पाहिला.

"आज न्हाय," ती म्हणाली. "उद्या या. परवा बी या."

ती वर निघाली, पण चढणीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

परतताना केरबाने नाव अगदी मंद सोडली. आता खुशाल वेग वाढवा, काही होणार नाही, असे मी त्याला तांत्रिक खात्रीने सांगितले. तो नावेच्या तोंडाकडे पाठ करून बसला होता.

"ऱ्हाऊ द्या, मिस्त्री," तो म्हणाला. "दिसतीया तवर ऱ्हाऊ द्या."